नेरुळच्या काकांचे जाहीर आभार

ती. काका, सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा गार होतोय" म्हणत विषय बदलता. म्हणून माझ्या डायव्हिंगच्या ड्रायसूटची (पाणी आत न शिरू देणाऱ्या पोशाखाची) गळती शोधून दिलीत, त्याबद्दल हे चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही.

आपल्याकडच्या कोमट पाण्यात ड्रायसूट कशाला, असं बरेच जण विचारतात. न्हावा-शेव्याकडे जेट्टीचे खांब तपासायला एकदा उतरा म्हणावं! गढूळ पाणी, वर तेलाचा तवंग, शिवाय कुठून कुठून आलेलं सांडपाणी. वेटसूटमध्ये ते अंगाला लागतंच. ड्रायसूटने ते बाहेर ठेवायचं असतं, पण माझा डावा गुडघा दर वेळी ओला निघत होता. दुरुस्तीला नेला तिथे "परदेशात पाठवावा लागेल" एवढंच सांगितलं.

तुमच्या गच्चीवर मी थेट गोंदाची ट्यूबच उघडायला निघालो होतो. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "गुडघा ओला होतो म्हणजे भोक गुडघ्यालाच आहे, हे कुणी ठरवलं?"

मग मनगटांच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या घट्ट रबरी कडांत) बाटल्या, गळ्याच्या सीलमध्ये गुळगुळीत बरणी, झिप बंद, हवा बाहेर सोडणारा डम्प व्हॉल्व्ह घट्ट, आणि हवा भरायच्या इन्फ्लेटरने बेताबेताने हवा. भांड्यांच्या साबणाचं पाणी तुम्ही ब्रशने इंच-इंच लावत गेलात. गुडघ्यावर काहीच नाही. बुडबुडे फुटले ते खांद्यामागे, झिपच्या टोकाजवळच्या शिवणीवर. वरच्या बाथरूमची गळती खालच्यांच्या हॉलमध्ये दिसावी, तसं पाणी आतल्या आत ओघळून सखल जागी साचत होतं. मी मात्र गुडघ्यावर गोंद फासून मोकळा झालो असतो.

जागेवर खूण केली, सूट धुऊन वाळवला, आतली बाजू बाहेर काढली, स्पिरिटने पुसली आणि ॲक्वाशुअर या गोंदाचा पातळ थर दिला. पावसाळ्यात हे सुकणार कधी, याची मला काळजी. तुम्ही हसलात. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो, फक्त कापड खणखणीत कोरडं हवं. आपल्या दमट हवेचा कुणाला तरी उपयोग आहे, हे त्या दिवशी कळलं. रात्रभर हात लावू दिला नाहीत ते बरं केलंत.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलंत, पण रोज उपयोगी पडतं ते तेच. पितळी झिपच्या दातांवर मेण, तेही आधी मऊ ब्रशने रेती काढून. व्हॉल्व्ह गोड्या पाण्याखाली धरून दाबत राहायचे, म्हणजे मीठ धरत नाही. लॅटेक्सच्या रबरी सीलना बिनवासाची टाल्कम पावडर लावून सूट सावलीत ठेवायचा. आणि केसांना खोबरेल लावून गळ्याचं सील डोक्यातून घालायचं नाही, तेलाने लॅटेक्स कुजतं. आमच्या आईला हे पटवणं जास्त कठीण गेलं.

गुडघा आता कोरडा आहे. उजव्या मनगटाचं सील मात्र चिकट लागायला लागलंय. नवीन मागवलंय, रविवारी घेऊन येतो. बसवीन मीच, तुम्ही फक्त शेजारी बसा आणि चुकलं की ओरडा.

पैसे घेणार नाही म्हणालात, म्हणून उरणचे सुके बोंबील आणतोय. नको म्हणू नका, काकूंना आधीच विचारलंय.

तुमचा,
ऐरोलीचा डायव्हर