पाणी नाही म्हणून सुट्टी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चांगलाच करवादला होतास. वादळ आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं, लख्ख ऊन पडलं होतं, आणि तरी विद्यापीठ बंद, का तर म्हणे पाणी नाही! दोन तासांना बसायला पाणी कशाला लागतं, असं विचारलंस. तेव्हा हसून सोडून दिलं, पण 30 वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या बाईला तेवढ्यावर झोप कशी लागणार?

तुमच्या प्रयोगशाळेत डोळे धुवायचा फवारा आहे ना? डोळ्यात आम्ल उडालं तर सलग 15 मिनिटं धार लागते. नळाला दाब नसेल तर तो फवारा असून नसल्यासारखा, मग प्रयोग कोण करू देईल? आग विझवणारे छतातले फवारे पाण्याविना शोभेचेच. आणि संडास. काही हजार मुलं आत घेतली तर दुपारपर्यंत काय होईल, ते मी लिहीत नाही.

उन्हाचंही कौतुक नको. 2014च्या जुलैत कॅलिफोर्नियात दुष्काळ होता आणि नेमकी तेव्हाच रस्त्याखालची नव्वदी ओलांडलेली जलवाहिनी फुटून तिथल्या यूसीएलए विद्यापीठाच्या नव्याने सजवलेल्या बास्केटबॉल मैदानात पाणी शिरलं. 2022मध्ये अमेरिकेतल्याच जॅक्सन शहराचं पाणी गेलं, तेव्हा जॅक्सन स्टेट विद्यापीठाने वर्ग ऑनलाइन नेले.

सूचना मात्र नीट वाचत जा. 'वर्ग बंद' म्हणजे वसतिगृह बंद नव्हे. सगळं बंद असतं तेव्हाही पंपावर, खानावळीत, फाटकावर माणसं कामाला असतातच. अशा दिवशी मी घरी नसायचे, आठवतंय ना?

पाणी परत आलं तरी 'उकळून प्या' असं का सांगतात, हेही तू विचारलं होतंस. वाहिनीत दाब असतो तोवर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर येतं. दाब गेला की तोच सांधा बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत ती सूचना मागे घेत नाहीत. पाणी खळखळ उकळू लागलं की पुढे पूर्ण 1 मिनिट मोज. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर असशील तर 3. दात घासायलाही तेच पाणी घे. पण सूचनेत 'उकळा' नसून 'वापरू नका' असेल, तर उकळायच्या भानगडीत पडू नकोस. रसायनं उकळून जात नाहीत. पाणी परत आलं की आधी गार पाण्याचा नळ सोड. फुसफुसेल, गढूळ ओकेल, ओकू दे. गीझरची टाकी भरल्याशिवाय त्याचं बटण दाबू नकोस, कॉइल जळते.

आणि पाणी नसताना तोटी फिरवून बघतोस ना, ती लगेच बंद करत जा. वसतिगृहात पहिल्या वर्षाला मी ती उघडीच टाकून झोपले होते. बेसिनमध्ये ओला रुमाल पडलेला. रात्री तीनला पाणी आलं. सकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी दारात उभी, हातात तिची प्रयोगवही, शाई पार पसरलेली. ओरडली नाही, नुसती वही पुढे केली. मग बसून ती अख्खी वही मी पुन्हा लिहून दिली, आकृत्यांसकट.

तुझी,
आई