ल्युसर्नच्या सरोवराकाठच्या डोंगरी रेल्वेवरही लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

उन्हाळा जवळ आला की सगळ्याच पेपरांच्या रविवार पुरवण्यांमध्ये स्वित्झर्लंड येतं, तुमच्याही येतं, आणि मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो कारण त्या भागाचं मला वेड आहे. पण दरवर्षी तेच असतं हो. टिटलिसचा बर्फ, युंगफ्राऊ, चॉकलेट, घड्याळं, ल्युसर्नला दगडात कोरलेला सिंह आणि तो लाकडी पूल. सरोवरातून बोटीने तासभर फिरवतात हे एका वाक्यात येऊन जातं, आणि त्याच बोटी ज्या धक्क्यांना लागतात तिथून डोंगरावर चढणाऱ्या ज्या छोट्या छोट्या रेल्वे आहेत त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या मते त्या सरोवराकाठी बघण्यासारखं सगळ्यात भारी काही असेल तर त्या रेल्वेच. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

सुरुवात रिगीपासूनच करायला पाहिजे. रिगी हा काही फार उंच डोंगर नाही, कुल्म म्हणजे वरचं टोक १८०० मीटरच्या जरासं आत, पण तिथून सूर्योदय बघायला युरोपभरातून लोक यायचे आणि १८१६ पासून वर राहायला खानावळवजा हॉटेलसुद्धा होतं. १८३७ मध्ये सरोवरात पहिली वाफेची बोट आली, मग काय, पायथ्यापर्यंत आरामात पोचता यायला लागलं, पण पुढे चालत नाहीतर घोड्यावर, नाहीतर पैसे मोजून खुर्चीत बसायचं आणि माणसांनी उचलून न्यायचं. म्हणजे गर्दी तयार होती, बोट तयार होती, फक्त धक्क्यापासून वरचा रस्ता कुणीतरी सोडवायचा राहिला होता.

तो सोडवला निक्लाउस रिगेनबाखने. हा माणूस ओल्टेनच्या रेल्वे वर्कशॉपचा प्रमुख, म्हणजे इंजिनं रोज हाताळणारा. नेहमीच्या रेल्वेत लोखंडी चाक लोखंडी रुळावर फक्त घर्षणाने पकड घेतं आणि चढ वाढला की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. आपल्या बोरघाटात साधारण ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, तर तेवढ्यालासुद्धा कर्जतला मागून ढकलायला जादा, म्हणजे बँकर, इंजिनं लावावी लागतात. रिगीला पाहिजे होता ४ ला १. रिगेनबाखने काय केलं तर दोन रुळांच्या मधे तिसरा रूळ टाकला, दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामधे ठरावीक अंतरावर आडव्या दांड्या, आणि इंजिनाखाली दातेरी चाक बसवलं जे त्या दांड्यांमधे अडकत अडकत वर जातं. १८६३ लाच त्याने फ्रान्समध्ये याचं पेटंट घेतलं होतं पण डोंगरावर ते वापरायला कुणी देईना, तोपर्यंत तिकडे अमेरिकेत सिल्व्हेस्टर मार्शने १८६९ मध्ये माउंट वॉशिंग्टनवर दातेरी रेल्वे चालवून दाखवलीसुद्धा. मग इकडे नेफ आणि चोके या दोघा इंजिनियरांना बरोबर घेऊन रिगेनबाखने फिट्झनाऊच्या धक्क्यापासून लाइन टाकली आणि २१ मे १८७१ ला ती सुरू झाली. युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. त्याच दिवशी रिगेनबाखचा ५४ वा वाढदिवस होता, हे मला फार आवडतं.

पहिली इंजिनं बघायला चमत्कारिक होती, बॉयलर उभा आणि सपाटीवर तर तिरका झुकलेला, फोटो बघून कुणालाही वाटेल की काहीतरी बिघडलंय. पण त्यामागे पक्का विचार आहे. नेहमीचा आडवा बॉयलर एवढ्या चढावर नेला तर आतलं पाणी एका टोकाला जाणार आणि दुसऱ्या टोकाच्या गरम नळ्या उघड्या पडणार, ते धोक्याचं. म्हणून बॉयलर असा बसवला की चढावर गेल्यावर तो सरळ उभा होतो. आणि इंजिन कायम दरीच्या बाजूला, डबा त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे इंजिन मागून ढकलत नेतं आणि उतरताना तेच खाली राहून डब्याला अडवून धरतं. दीडशे वर्षांपूर्वी लोकांना घेऊन ४ ला १ च्या चढावर जायचं तर किती बारीक गोष्टींचा विचार करावा लागला असेल बघा.

आता पुढची गंमत राजकारणाची आहे. १८७१ ची लाइन टोकापर्यंत गेलीच नाही, श्टाफेलहोएला थांबली, कारण तिथे ल्युसर्न कँटनची (कँटन म्हणजे तिथलं राज्य) हद्द संपते आणि वरचं कुल्म श्वित्झ कँटनमध्ये. श्वित्झने परवानगी दिली दुसऱ्याच कंपनीला, जी आर्ट-गोल्डाऊच्या बाजूने रिगीवर लाइन आणणार होती. त्या कंपनीने आधी श्टाफेलहोए ते कुल्म हा तुकडा बांधला, १८७३ ला तो चालू झाला, आणि फिट्झनाऊवाल्यांना तो भाड्याने वापरायला दिला. १८७५ ला त्यांची स्वतःची लाइन पण वर पोचली. तेव्हापासून शेवटच्या टप्प्यात दोन कंपन्यांचे दोन ट्रॅक शेजारी शेजारी, एकाच डोंगरावर, एकाच टोकाला. गोल्डाऊची बाजू १९०७ मध्ये विजेवर गेली आणि फिट्झनाऊची थेट १९३७ मध्ये. ही स्पर्धा शंभर वर्षांच्या वर चालली आणि १९९२ ला दोन्ही कंपन्या एक झाल्या. आजही निळ्या गाड्या गोल्डाऊहून येतात आणि लाल फिट्झनाऊहून.

रिगीचं यश बघून बाकीच्यांनी नुसती नक्कल केली असं मात्र अजिबात नाही. पिलाटस घ्या. सरोवराच्या दुसऱ्या अंगाला, रिगीपेक्षा उंच आणि नुसता कडा. तिथे रिगीसारखा ४ ला १ चढ ठेवायचा तर लाइन लांबच लांब फिरवावी लागणार होती आणि तेवढा पैसा उभा राहणं अवघड. झुरिचच्या एडुआर्ड लोखरने ठरवलं की चढच जवळजवळ दुप्पट करायचा, ४८ टक्के, म्हणजे ढोबळमानाने २ ला १, आणि अंतर कमी करायचं. पण एवढ्या चढावर रिगेनबाखचं उभं दातेरी चाक रुळावरून वर उचललं जाऊन निसटायची भीती. लोखरने दाते आडवे केले, मधल्या रुळाच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन आडवी चाकं दोन्हीकडून त्याला घट्ट पकडून चढतात, मग निसटायचा प्रश्नच नाही. आल्पनाखश्टाडच्या धक्क्यापासून ही लाइन ४ जून १८८९ ला सुरू झाली आणि दातेरी रेल्वेत जगात सगळ्यात जास्त चढाची म्हणून आजही तिचाच नंबर पहिला. अशा रुळाला नेहमीसारखे सांधे लावता येत नाहीत म्हणून गाडी एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर न्यायला रुळाचा अख्खा तुकडाच सरकवतात नाहीतर उलटा फिरवतात. पिलाटसला गेलात तर वरच्या हॉटेलात शिरायच्या आधी पाच मिनिटं थांबून ते बघा, एवढंच सांगेन.

फ्युनिक्युलर हा वेगळा प्रकार, त्यात डब्यात इंजिन नसतं. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना, विहिरीच्या रहाटाला दोन घागरी असाव्यात तसे, एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो, त्यामुळे दोघांची वजनं एकमेकांना पेलतात आणि वरच्या मोटरला फक्त फरकाचं वजन ओढायचं राहतं. सुरुवातीला तर मोटरही नसायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि दुसऱ्याला वर खेचायचा. शेजारच्या ब्रिएन्झच्या सरोवराकाठी गीसबाखला १८७९ पासून अशीच चालायची आणि तिथेच पहिल्यांदा एकेरी ट्रॅकवर मधोमध दोन डबे एकमेकांना चुकवून जातील अशी जागा केली गेली, त्याआधी दोन डब्यांना दोन ट्रॅक टाकावे लागत. ते काम रोमान आब्ट नावाच्या तरुण इंजिनियरचं, जो रिगेनबाखच्याच हाताखाली तयार झाला होता.

ल्युसर्नच्या सरोवरावर फ्युनिक्युलरचं नाव निघालं की बुखर आणि डुरर यांचं नाव घ्यावंच लागतं. फ्रान्झ जोसेफ बुखर आणि योसेफ डुरर, ओबवाल्डेनच्या खेड्यातले, दोघांचा लाकूड कापायचा आणि लाकडी फरशा बनवायचा कारखाना. त्यातून ब्युर्गेनश्टॉकवर हॉटेल काढलं, आणि हॉटेलात माणसं न्यायची म्हणून १८८८ मध्ये बोटीच्या धक्क्यापासून वरपर्यंत विजेवर चालणारी फ्युनिक्युलर बांधली, स्वित्झर्लंडमधली विजेवरची पहिली, आणि वीजही स्वतःच्या पाणवीज केंद्राची. घराघरात विजेचा दिवासुद्धा नव्हता त्या काळात हे! पुढे १८९३ ला श्टान्सरहॉर्नवर त्यांनी तीन टप्प्यांची फ्युनिक्युलर नेली आणि त्यात, तोवर ब्रेकसाठी मधे घालायचे तो दातेरी रूळ काढूनच टाकला, त्याऐवजी दोर तुटला तर डब्याखालचे चिमटे रुळाला दोन्हीकडून आवळून धरतील असा ब्रेक बसवला. दातेरी रूळ गेला म्हणजे खर्च केवढा वाचला. बुखर नंतर हॉटेलांच्या धंद्यात कैरोपर्यंत जाऊन पोचला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. असे लोक होते हे, शाळेत किती शिकले होते ते महत्त्वाचं नव्हतं, प्रश्न समोर आला की हात घालायचे.

आणि सगळं टिकलं असंही नाही, हे पण छापलं पाहिजे. रिगीवरच काल्टबाड ते शाइडेग अशी साधी, दातेरी नसलेली एक मीटरगेज लाइन होती, कड्याच्या अंगाने जाणारी, ती १९३१ मध्ये बंद पडली, आता त्याच वाटेने लोक चालायला जातात आणि वाटेत रेल्वेचा जुना बोगदा लागतो. ब्रुनेनहून मोर्शाखला १९०५ पासून दातेरी रेल्वे होती, ती १९६९ ला संपली. श्टान्सरहॉर्नचं वरचं हॉटेल १९७० मध्ये वीज पडून जळालं आणि त्यानंतर वरचे दोन टप्पे काढून तिथे केबल कार आली, पण खालचा टप्पा त्यांनी ठेवला आणि १८९३ चे लाकडी डबे आजही त्यावर धावतात. त्याच्या पुढे उघड्या छताची दुमजली केबल कार २०१२ ला आली, म्हणजे एकाच तिकिटावर दोन्ही काळ. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. नवं आणायला त्यांचा विरोध नाही, श्वित्झच्या बाजूला श्टोसला २०१७ मध्ये ११० टक्के चढाची फ्युनिक्युलर आली, गोल ड्रमसारखे डबे, चढ बदलला की फिरून आतली फरशी सपाटच ठेवतात, ती जगातली सगळ्यात जास्त चढाची फ्युनिक्युलर. पण नवं आलं म्हणून जुनं भंगारात घालायचं हे त्यांनी शक्यतो टाळलंय.

आपल्याशी याचा संबंध काय असं कुणी विचारेल. आहे ना. निलगिरीवर रेल्वे न्यायची चर्चा चालली होती तेव्हा १८८२ मध्ये हाच रिगेनबाख तिथे येऊन आराखडा देऊन गेला होता, ते पुढे सरकलं नाही आणि शेवटी आब्टची दातेरी पद्धत वापरून १८९९ ला मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत गाडी पोचली. तिथली बरीचशी दातेरी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या ज्या विंटरथूरच्या कारखान्यातली, त्याच कारखान्याचं अगदी पहिलं इंजिन म्हणजे रिगीचं १८७३ चं ७ नंबरचं इंजिन. आपलं नेरळ-माथेरान मात्र वेगळ्या वाटेने गेलं, आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७ मध्ये दोन फूट गेजवर, दातेरी रूळ न घालता, वळणावर वळणं घेत २० ला १ पर्यंतच्या चढाने गाडी वर नेली. तोही तितकाच हुशारीचा उपाय आहे आणि त्याच्यावरसुद्धा आपल्या पेपरांत गाडी बंद झाली, गाडी परत सुरू झाली याच्यापलीकडे फार काही येत नाही. सप्तशृंगीला २०१८ मध्ये फ्युनिक्युलर झाली, लाखो भाविक त्यात बसतात, ते दोन डबे एकमेकांना कसे पेलतात हे एखाद्या रविवारी चित्र काढून समजावलं तर शाळेतली पोरं कापून वहीत चिकटवतील.

तर संपादक महाशय, विनंती अशी की यंदा स्वित्झर्लंडवर पान काढाल तेव्हा निदान एक लेख या रेल्वेवर द्या, रेल्वेतून रिटायर झालेले कितीतरी इंजिनियर आपल्याकडे आहेत, ते आनंदाने लिहितील. आणि जे वाचक ल्युसर्नला जाणारच आहेत त्यांच्यासाठी, टूरवाल्यांना सांगून खरेदीचा अर्धा दिवस सोडवून घ्या. ते ७ नंबरचं उभ्या बॉयलरचं इंजिन एरवी ल्युसर्नच्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये असतं, २०२१ ला रिगीला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्याला परत डोंगरावर नेऊन चालवलं होतं. ते आधी बघा, नंतर म्युझियमजवळच्या धक्क्यावरून फिट्झनाऊची बोट पकडा, जमलं तर जुन्या वाफेच्या पाच बोटींपैकी एखादी मिळेल असं टायमिंग बघा, आणि फिट्झनाऊला उतरलात की समोरच स्टेशन आहे. रिगीला जाताना डाव्या बाजूला बसा, सरोवर तिकडून दिसतं.

आपला नियमित वाचक,
ठाणे