ट्रान्सफर पुढे का ढकललं

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा "या महिन्यात नाही" एवढंच बोलून मी फोन ठेवला आणि तू रात्रभर जागीच होतीस, असं बाबांकडून कळलं. फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. आयव्हीएफमधलं (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतलं) ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पोटात सोडायचं, पुढे ढकललंय, पण काही बिघडलेलं नाही. बिघडू नये म्हणून थांबलोय.

सुरुवातीलाच माझी एएमएच नावाची रक्ततपासणी झाली होती. बीजांडकोशात बीजांचा साठा किती, याचा त्यावरून अंदाज येतो. आकडा साधारण 3.4 च्या वर असला की डॉक्टर सावध होतात. माझा 7.8 आला. मी आणि अमेय बोर्डात आल्यासारखे खूश! डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत. पीसीओएस असलं (तू दहावीपासून ज्याला 'पाळीचा घोळ' म्हणतेस तेच) की इंजेक्शनांनी एकदम खूप बीजं वाढतात, म्हणाल्या. मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साचतं, रक्त घट्ट होतं, गुठळीचीही भीती असते. म्हणून डोस कमीच ठेवला होता. तरी इस्ट्राडिओल (बीजं वाढतात तसं रक्तात वाढणारं संप्रेरक) 3,900 वर गेलं. 3,500 च्या पुढे धोका धरतात. मग बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन नेहमीच्या एचसीजीऐवजी (हे गरोदरपणातलं संप्रेरक, त्यानेच हा धोका वाढतो) ल्युप्रोलाइड या औषधाचं दिलं. बीजं काढली, सात गर्भ तयार झाले, सातही गोठवले. आत्ताच पोटात सोडले आणि दिवस राहिले, तर शरीर स्वतःच एचसीजी बनवू लागतं आणि पोटातलं पाणी वाढतं, लांबतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, आधीच कळलं होतं तर इंजेक्शनं घेतलीच कशाला? अहो, बंदरावर बावटा लागला म्हणजे वादळ येतंच असं नाही, पण आपल्याकडे होड्या वर ओढून ठेवतातच ना?

सध्या रोज सकाळी वजन, आईच्या शिवणाच्या टेपने पोटाचा घेर आणि लघवीचं माप. त्या मोजपेल्यावर अमेयने मार्करने मोठी फुली मारलीय, चुकून कोणी डाळ मोजू नये म्हणून. दिवसात किलोभर वजन वाढलं किंवा धाप लागली तर लगेच या, असं बजावलंय. काल दोनशे ग्रॅम उतरलं.

ट्रान्सफर दिवाळीनंतर. आई, तोवर नवस वाढवू नकोस, आगळ पाठव. आणि शेजारच्या काकूंना एवढ्यात काही सांगू नकोस.

बाबा, तुमच्या शुगरच्या रिपोर्टचा फोटो अजून आलेला नाही.

तुमची,
मनू