पासिंगच्या यंत्रावरचे आकडे गाडीमालकाच्या हातात द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : स्वयंचलित केंद्रातील वाहन तपासणी आणि नापास गाड्यांचा अहवाल

महोदय,

मालवाहू आणि प्रवासी गाड्यांचे पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही याची तपासणी, माणसाच्या नजरेवरून यंत्रावर नेण्याचे नियम केंद्र सरकारने २३ सप्टेंबर २०२१ रोजी काढले. जड वाहनांना १ एप्रिल २०२३ पासून आणि मध्यम व हलक्या व्यावसायिक वाहनांना १ जून २०२४ पासून सक्ती ठरली होती. पुढे ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली, आणि ज्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत स्वयंचलित केंद्र चालू आहे तिथेच ती लावायची असे ठरले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची सक्ती तिथली यंत्रे फिरू लागली की सुरू होते. एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाडीवाल्यांनी आणि मिस्त्रींनी त्याची तयारी आधीपासून करायला हवी. परिवहन खात्याकडे मात्र एकच आग्रहाची मागणी आहे : गाडी नापास झाली तर मालकाला प्रत्येक चाचणीचे आकडे मराठीत, छापील मिळाले पाहिजेत. नुसता ‘नापास’ हा शेरा कुणाच्याच कामाचा नाही.

नियमाप्रमाणे तपासणी केंद्राला दुरुस्ती करता येत नाही आणि सुटे भागही विकता येत नाहीत. हे योग्यच आहे. तपासणाराच दुरुस्तीचे बिल काढू लागला तर एकही गाडी पहिल्या फेरीत पास व्हायची नाही. पण त्यामुळे दोष सापडतो केंद्रात आणि काढावा लागतो उद्यमनगरात, शिरोलीत नाहीतर गडहिंग्लजच्या एखाद्या शेडमध्ये. तिथल्या मिस्त्रीकडे ब्रेक मोजणारा रोलर टेस्टर नाही. केंद्राने काय मोजले हे त्याला कळलेच नाही तर तो अंदाजाने भाग बदलत बसणार, आणि त्या अंदाजाचे पैसे गाडीमालक भरणार.

ब्रेकचेच घ्या. आजवर ट्रॅकवर गाडी पळवायची, ब्रेक मारायचा, गाडी एका बाजूला न ओढता थांबली की झाले, अशी रीत होती. रोलर टेस्टरवर एका अॅक्सलची (आसाची) दोन्ही चाके वेगवेगळ्या रोलरांवर उभी राहतात. मोटर रोलर फिरवते, चालक पेडल हळूहळू दाबतो आणि कोणते चाक किती जोर लावून रोलर अडवते हे यंत्र स्वतंत्रपणे मोजते. सगळ्या चाकांच्या जोराच्या बेरजेला गाडीच्या वजनाने भागले की ब्रेकची कार्यक्षमता मिळते. एकाच अॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक म्हणजे असमतोल. पेडल एका जागी धरून ठेवले असताना आकडा वरखाली होतो का, आणि पेडल सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, हेही त्याच वेळी दिसते.

जाणत्या मिस्त्रीला एवढ्यावरून चाक न खोलता निम्मे निदान करता येते. एकच चाक कमी जोर दाखवत असेल तर हबचे ऑइल सील गळून लायनरला (ब्रेक लागताना ड्रमवर घासणाऱ्या पट्टीला) तेल-ग्रीस लागले आहे, किंवा व्हील सिलिंडर अडकला आहे. एअर ब्रेकच्या (हवेच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत ब्रेक चेंबरचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटलेला असतो, नाहीतर लायनर-ड्रममधले अंतर जुळवणारा स्लॅक अॅडजस्टर सैल पडून ब्रेक ढकलणाऱ्या पुशरॉडची चाल वाढलेली असते. दोन्ही चाके सारखीच कमी असतील तर लायनर चकाकून गुळगुळीत झाले असतील, किंवा मुळात दाबच पुरेसा पोचत नसेल. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा चढउतार करत असेल तर ड्रम अंडाकृती झालेला असतो. तो लेथवर घासून घेता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे घासला तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पेडल सोडूनही जोर शिल्लक राहत असेल तर लायनर मागे ओढणारी रिटर्न स्प्रिंग किंवा लायनर फाकवणाऱ्या एस-कॅमचा बुश तपासायचा. हा शेवटचा दोष सपाट रस्त्यावर जाणवतही नाही. करूळ किंवा आंबा घाट उतरताना मात्र तोच ड्रम तापतो आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. आता यातले काहीच न सांगता कागदावर फक्त ‘ब्रेक : नापास’ असे आले तर काय होणार? चारही चाकांचे लायनर बदलले जातील, आणि फाटलेला डायफ्राम आत तसाच राहील.

ब्रेकबाबत गाडीमालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवे लायनर आदल्या दिवशी बसवून गाडी तपासणीला नेऊ नये. लायनर ड्रमला सर्व बाजूंनी टेकायला काहीशे किलोमीटर चालवावे लागतात. तोवर आकडा कमीच येतो. दुसरे, मागच्या अॅक्सलवरचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडीत माल किती त्यानुसार मागच्या चाकांचा दाब कमी-जास्त करणारा हा भाग. त्याची दांडी तुटली की तारेने बांधून टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. मग एक तर रिकाम्या गाडीची मागची चाके रोलरवर लगेच लॉक होतात, नाहीतर भरल्या गाडीला मागचा ब्रेक पुरत नाही.

स्टिअरिंगसाठी साइड स्लिप प्लेट असते. गाडी सरळ, सावकाश तिच्यावरून न्यायची; पुढची चाके प्लेटला आडवी किती सरकवतात ते मीटर प्रति किलोमीटरमध्ये येते. सरकण्याची दिशा कळली तर टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडे, आत आहे की बाहेर हे लगेच समजते. जॉइंट प्ले टेस्टरवर पुढची चाके हलवून खालून पाहतात. तिथे किंगपिन व टाय रॉड एंड हे स्टिअरिंगचे सांधे आणि कमानपाट्यांचे बुश यांतला खुळखुळा उघडा पडतो. या दोन चाचण्यांचा क्रम दुरुस्तीत पाळायला हवा. आधी खुळखुळा काढायचा, मग अलाइनमेंट. उलटे केले तर अलाइनमेंटचे पैसे फुकट जातात.

हेडलाइटमध्ये नापास होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हॅलोजनच्या घरात बसवलेले बाजारू एलईडी. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला असतो, त्यामुळे एलईडीचा झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. मूळ बल्ब असूनही उजेड कमी भरत असेल तर आधी अर्थिंगची तार आणि कनेक्टर घासून साफ करावेत. फोकस तपासण्यापूर्वी चारी टायरांत हवा सारखी हवी, नाहीतर फोकस वर-खाली दिसतो.

डिझेलच्या धुराला मोकळ्या एक्सलरेशनची, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक्सलरेटर दाबण्याची, चाचणी असते. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाडीला १.६२ आणि त्याआधीच्या गाडीला २.४५ ही प्रकाश शोषण गुणांकाची, म्हणजे धूर किती प्रकाश अडवतो त्या आकड्याची, मर्यादा आहे. एअर फिल्टर तुंबलेला, इंजेक्टरची फवारणी बिघडलेली किंवा इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप वाढवून ठेवलेला असेल तर ती ओलांडली जाते. तपासणीला जाताना इंजिन चांगले गरम करून न्यावे.

बाकी डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी तर घरीच तपासता येतात. टायरची खाच मोठ्या गाडीला किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला ०.८. रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. ट्रकचा मागचा संरक्षक आडवा दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको. वेगाला मर्यादा घालणारा स्पीड गव्हर्नर सर्वसाधारण व्यावसायिक गाडीला ८०, डंपर, टँकर आणि स्कूल बसला ६० किलोमीटरचा.

कोल्हापूरसाठी एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्यांची वायरिंगची सॉकेट आतून हिरवी पडलेली असतात, हॅण्डब्रेकची केबल आवरणात गंजलेली असते आणि चासिसच्या पोकळ भागात गाळ बसून पत्रा आतून खाल्लेला असतो. वरून रंग दिल्याने हे झाकले जाते, पण खालून खड्ड्यातून होणाऱ्या तपासणीत दिसतेच. तिथे काय आढळले, कोणत्या जागी आढळले, हे अहवालात शब्दांत लिहिले जावे.

पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर भाड्याने चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचे, ही पद्धत यंत्र आल्याने बंद होणार नाही. ती रस्त्यावरच्या तपासणीनेच थांबेल. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर एका दिवसासाठी भाड्याने आणता येत नाहीत, आणि म्हणूनच यंत्रावरची तपासणी आपल्याला हवी आहे.

आता पैशाचे आणि मुदतीचे. नव्या व्यावसायिक गाडीचे पहिले पासिंग दोन वर्षे चालते; पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने १०, १५ आणि २० वर्षे असे वयाचे टप्पे पाडून शुल्क वाढवले. २० वर्षांवरच्या जड गाडीच्या चाचणीला २५,००० रुपये झाले. २०२१ च्या मूळ नियमांत नापास गाडीला फेरतपासणीसाठी ३० दिवस होते, त्यासाठी शुल्कही पुन्हा भरायचे होते आणि त्यातही गाडी नापास झाली तर ‘आयुष्य संपलेले वाहन’ ठरवण्याची तरतूद होती. एका टेम्पोवर घर चालवणाऱ्यासाठी फेरतपासणी किती निर्णायक ठरते, हे यावरून लक्षात येईल. इतके पणाला लागलेले असताना दोष नेमका कुठे आहे हे त्याला कळू नये, हे अन्यायाचे आहे. ज्या चाचणीत गाडी नापास झाली तेवढीच पुन्हा घ्यावी आणि शुल्कही तेवढ्याचेच असावे. एका विझलेल्या इंडिकेटरसाठी आणि एका फाटलेल्या चासिससाठी सारखाच भुर्दंड नको.

वेळापत्रकाचाही विचार आत्ताच व्हावा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी स्कूल बस आणि व्हॅन एकदम येतात. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहतुकीचे ट्रक येतात. गांधीनगर आणि मार्केट यार्डातले टेम्पो बारमाही आहेतच. एका गाडीला लागणारा वेळ ठरलेला आहे, घाई केली तरी रोलर लवकर फिरत नाही. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केंद्र दोन पाळ्यांत चालवावे आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधीपासून आगाऊ नोंदणी घ्यावी.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरपेक्षा दूर आहे. तिथल्या रिक्षावाल्याचा तपासणीचा एक दिवस आणि नापास झाल्यास फेरतपासणीचा दुसरा, असे दोन दिवस बुडतात. डिझेल किंवा गॅसचा खर्च वेगळा. सध्या तालुक्याच्या ठिकाणी भरणारे परिवहन कार्यालयाचे कॅम्प यासाठी वापरता येतील. डोळ्यांनी दिसणाऱ्या दोषांची पूर्वतपासणी निरीक्षकाने तिथेच, विनाशुल्क करून द्यावी, म्हणजे दिवा, पट्टी, टायर यांसाठी कुणाला शहरापर्यंत येऊन परत जावे लागणार नाही. आणि अहवालाचा मराठी नमुना केंद्र सुरू होण्याआधी जिल्ह्यातल्या गॅरेज व वाहतूक संघटनांना दाखवून, त्यांच्या सूचना घेऊन मगच पक्का करावा.

आपला वाचक,
एक गॅरेज व्यावसायिक,
उद्यमनगर, कोल्हापूर