गोड बातमीच्या आधीची गोळी

लेस्टर (इंग्लंड), रविवार

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

इथल्या एक बाई सुट्टीला निघाल्यात, जुळे सोलापूरला त्यांचं घर आहे. त्यांच्याबरोबर हे पत्र देतेय. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरी फोन म्हणजे स्पीकर. बाबा, सुमित, प्राजक्ता, आणि हटकून त्याच वेळी वाटीभर साखर मागायला आलेल्या काकू. हा विषय असा चारचौघांत काढायचा नाही. आधी तू वाच, मग पटलं तर तुझ्या सुनेला, प्राजक्ताला दे.

तू म्हणालीस, ‘काही बातमी असली की तिकडच्या व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठव.’ बातमी आहे का हे मी विचारणार नाही, तूही तिला विचारू नकोस. पण पहिली गोळी बातमीनंतर सुरू करायची नसतेच, बातमीच्या आधी करायची असते. आपल्याकडे नेमकं उलट होतं. तीन महिने कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, मग चोरओटी, मग डॉक्टरांकडे नाव घालायचं, मग गोळ्या. तोवर फॉलिक ॲसिडचं (हे एक ब जीवनसत्त्वच) मुख्य काम करायची वेळ निघून गेलेली असते.

कारण सांगते. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली की हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. त्यातले आठ दिवस ‘कधीकधी पुढे जातेच’ म्हणण्यात जातात, चार दिवस किट आणायला कोण जाणार यात. नळी नीट मिटली नाही तर कधी बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मतं, पायांत बळ नसतं, कधी कवटीच पूर्ण होत नाही. म्हणून मूल हवं असं दोघांनी ठरवलं की निदान महिनाभर आधी, दोन-तीन महिने आधी असेल तर उत्तमच, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक सुरू करायचं आणि गरोदरपणाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायचं.

आपल्या मागच्या गल्लीतला तो मुलगा तुला आठवतो ना, ज्याच्या पाठीचं ऑपरेशन तान्हा असतानाच झालं? त्याच्या आईनं ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणून झालं, असं सगळी गल्ली म्हणायची. ती बिचारी वर्षानुवर्षं तेच धरून बसली. विळीचा काही संबंध नव्हता गं. आणि हेही खरं की गोळी घेऊनसुद्धा काही मुलांना हे होतं, त्यामुळे उद्या कुणी ‘गोळी घेतली नाहीस म्हणून’ असं तिच्या तोंडावर फेकलं तर तेही तितकंच चूक. पण धोका पुष्कळ कमी होतो हे पक्कं आहे. ज्यांना आधी असं मूल झालं होतं अशा बायकांवरचा मोठा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक घेणाऱ्यांमध्ये पुन्हा असं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. अशा बाईला, किंवा जिला स्वतःला मधुमेह आहे, फिटची औषधं चालू आहेत, तिला साधी मात्रा पुरत नाही. तिनं दिवस राहण्याआधीच डॉक्टर गाठायचा. प्राजक्ताच्या माहेरी आईला आणि मावशीला साखर आहे असं तूच म्हणाली होतीस. तेव्हा तिची एकदा उपाशीपोटी तपासून घ्या, सहज म्हणून.

आता तुला आवडेल अशी एक गोष्ट. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते तिथून समोर किराणा मालाचं दुकान दिसतं, आणि त्याच्या खिडकीत मार्माइट नावाच्या काळ्या चिकट पदार्थाच्या बुटक्या बाटल्या रचलेल्या असतात. यीस्टचा अर्क तो, पावावर फासून खातात. वासानंच मला मळमळतं. पण फॉलिकचा शोध त्याच बाटलीपासून सुरू झाला, आणि तोही मुंबईत! ल्यूसी विल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि दगावत, ते का, हे शोधायला. बायका काय खातात हे त्यांनी तपासलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोग केले, आणि यीस्टचा अर्क दिला की त्या सुधारतात हे १९३१ मध्ये छापून सांगितलं. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला, तेच हे फॉलिक. आपले आजोबा गिरणीतले, म्हणून मला हे वाचताना जरा जास्तच जवळचं वाटलं. गिरणीतल्या बायकांच्या रक्तावरून लागलेला शोध, आणि गिरण्यांच्या गावात आपण ती गोळी तीन महिने उशिरा घेतो.

अमेरिकेत १९९८ पासून पिठातच फॉलिक घालणं सक्तीचं आहे, इंग्लंडनंही तसं करायचं ठरवलंय. त्यांचं सोपं आहे, पाव खातात. आपण ज्वारी निवडून गिरणीतून दळून आणणार, त्यात कोण काय घालणार? आपल्याला गोळीच बरी.

आता बाटल्यांचं. मी पाठवणार नाही. रागावू नकोस. दुकानात माझ्या पाठीमागे अख्खा कप्पा भरलाय, गुलाबी खोकी, त्यावर हसणाऱ्या गरोदर बाईचं चित्र, आत वीस-पंचवीस घटक, किंमत बघून छातीत धस्स होतं. आणि इथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्याच गरोदर बायकांना काय सांगते? फॉलिक घ्या आणि ड जीवनसत्त्व १० मायक्रोग्रॅम घ्या. बस्स. बाकीचं ज्याला त्याला गरजेप्रमाणे. उलट काही बाटल्यांत अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असतं, ते गरोदरपणात जास्त झालं तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतो. म्हणून इथे गरोदर बायकांना कॉड लिव्हर ऑइलसुद्धा घेऊ नका म्हणतात. गाजर-पालकातलं वेगळं, ते बिनधास्त खावं. बाबांच्या डब्यातली ‘ताकदीची’ कॅप्सूल तिला देऊ नकोस, एवढं लक्षात ठेव. आणि ते प्रोटीन पावडरचे डबे! शेंगाचटणी, उसळ, दही, वरण ज्या घरात रोज आहे तिथे त्या डब्यावर पैसे का घालवायचे, मला कधी कळलं नाही.

सोलापूरच्या मेडिकलमध्ये फॉलिक मागितलं की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून जास्त. डॉक्टर लिहून देतात, ठीक आहे, पण आपल्या घरात अंडंही शिजत नाही, म्हणून बी-१२ ची तपासणी त्याच्याबरोबरच व्हायला हवी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही. बी-१२ भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, ताक यांत असतं, ते आपण किती घेतो, बघ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करताहेत. त्यात दोनतृतीयांश आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी निघालं. आणि ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट (म्हणजे रक्तातलं फॉलिक) भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं सर्वांत जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिक नको असा नाही. पण नुसतं फॉलिक वाढवत नेलं की रक्ताच्या साध्या तपासणीत बी-१२ ची कमतरता झाकली जाते आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. प्राजक्ताच्या पायांना मुंग्या येतात म्हणून ती मीठपाण्यात पाय ठेवून बसते ना? तिचं बी-१२ तपासा आधी.

लोहाचं तुला माहीत आहे, ती लाल गोळी. ‘आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या’ असं म्हणू नकोस, सरकारचा लोह-फॉलिकचा कार्यक्रम १९७० पासून आहे आणि माझ्या वेळच्या गोळ्या तू मोरीत टाकल्यास हे तूच हसत सांगितलं होतंस! बाळ काळं होतं म्हणून, नाहीतर फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं म्हणून. दोन्ही खोटं. काळं होतं ते शौचाला, ते चालायचंच. इथे लोह सगळ्यांना देत नाहीत, रक्त कमी असेल तरच देतात. पण आपलं वेगळं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली होतं. म्हणून आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून रोज एक, ६० मिलिग्रॅम लोहाची, निदान १८० दिवस. आशाताईंकडे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ती फुकट आहे म्हणून हलकी नाही.

घोळ होतो तो चहानं. तू सकाळी चहाबरोबर सगळ्यांच्या गोळ्या वाटतेस, बाबांच्या बीपीच्या वगैरे. लोहाची गोळी त्यात नको. चहा लोह नीट शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्यायची, चहा आधी-नंतर तासभर लांब. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर. आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दिवसाला दोन, त्या जेवणाबरोबर, पण लोहाच्या जोडीनं कधीच नाही. दोघी एकत्र पोटात गेल्या की लोह वाया. डब्यावर स्केचपेननं लिहून ठेव.

ड जीवनसत्त्व सोलापुरात कसं कमी पडेल, असं म्हणशील. मे महिन्यात डांबर वितळतं आपल्याकडे, पण बायका बाहेर पडतात त्या सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून. ऊन अंगाला लागतंच कुठे? आणि बाळंतीण तर सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत.

बाळंतपणाचं आलंच, तर तेही लिहून टाकते. बाळ झालं की आपल्या घरात सगळ्या गोळ्या कपाटात जातात आणि डिंकाचे लाडू बाहेर येतात. लाडू हवेतच! अळिवाची खीर तर मला इथेही केली होती माझ्या एका मैत्रिणीनं, अळिवात लोह असतं, तूप-नारळ-गूळ घालून कर, मी कुठे नको म्हणतेय. पण रक्त तर बाळंतपणातच जातं ना? म्हणून लोहाची गोळी नंतरही १८० दिवस, कॅल्शियमही सहा महिने. आई शाकाहारी आणि बी-१२ कमी असेल तर दुधातूनही बाळाला कमीच जातं. अशी अंगावर पिणारी बाळं सुस्त होतात, मान धरत नाहीत, कधी हातपाय थरथरतात. बी-१२ दिलं की सुधारतात, पण ओळखायला उशीर झाला तर सगळी कसर भरून निघतेच असं नाही. बाळाला जन्मताच व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतील, ते रक्तस्राव होऊ नये म्हणून, नको म्हणू नका. आणि ड चे थेंब पहिलं वर्षभर, रोज ४०० युनिट. आमच्या चिनूला मी ते चमच्यातून द्यायचे, आधी तोंड वाकडं, मग चमचाच सोडायची नाही.

आता प्राजक्ताला हे सांगायचं कसं? तू गोळीचं पाकीट तिच्या हातात ठेवलंस तर तिला वाटेल, ‘लग्नाला वर्ष झालं, सासूबाईंना नातू हवाय.’ तिला वाटणारच. मला वाटलं होतं. म्हणून तू नको, सुमितला सांग. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं, दोघांची तपासणी व्हावी, आणि त्याचा तंबाखूचा मावा त्याच दिवशी बंद व्हावा. मूल आत्ता नको असं त्यांनी ठरवलं असेल तर तो त्यांचा प्रश्न. तिची नोकरी तशीही नवी आहे.

भांडी घासायला येणाऱ्या लक्ष्मीमावशींच्या लेकीचं लग्न ठरलंय म्हणालीस. तिलाही सांग हे. घरी बसून विड्या वळते ती, दिवसभर तंबाखूत हात, आणि वर मशेरी लावते. मशेरी आधी सोडायला हवी, मग गोळी. तिला कुणी सांगणार नाही, तू सांगितलंस तर ऐकेल.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की फोटो मला पाठव, मी वाचून सांगेन काय कशाला आहे. बाबांना नमस्कार, सुमित-प्राजक्ताला आशीर्वाद.

तुझी,
मंजू

ता. क. ड जीवनसत्त्वाचे साठ हजार युनिटचे सॅशे देतात, ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असतात, रोज नाही. आणि तेही तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे. तुझ्या गुडघेदुखीला दिलेले उरलेत म्हणून तिला देऊ नकोस.