वक्तृत्व स्पर्धेत मार्क नेमके कशाला?

संपादक साहेब, नमस्कार. मागच्या रविवारी आमच्या तालुक्यात संत मुक्ताईवर शाळकरी पोरांची वक्तृत्व स्पर्धा झाली, मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. बावीस पोरं, त्यात निम्म्यांचं भाषण एकाच यूट्यूब व्हिडिओवरून उचललेलं, तेच हातवारे, तोच रडवेला आवाज, आणि शिट्टी वाजली की मध्येच तोडून थेट जय हिंद!

एक सातवीची पोरगी मात्र मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखीसोबत जाणाऱ्या आपल्या आजीबद्दल बोलली, महिनाभर पायी चालून टाचांना भेगा पडतात, परत आल्यावर हीच नात त्यात कोमट तेल भरते. ताटी म्हणजे झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाला लहान बहिणीने, मुक्ताईने समजावलं तेही तिने घरातलं भांडण सांगावं तसं सांगितलं. पण शेजारच्या परीक्षकांनी उच्चाराच्या वीसपैकी आठच दिले, का तर बोली गावाकडची. अहो पण मुक्ताईची समाधी आपल्याच जिल्ह्यातल्या मेहूणला, मग तिच्याबद्दल इथल्याच तावडी बोलीत बोललं तर बिघडलं काय? नंबर पाठांतरवाल्यालाच गेला. पुढच्या वर्षी आयोजकांनी मार्कांचा तक्ता आधी दाखवावा, नाहीतर मी काही येत नाही.

– एक परीक्षक, जळगाव जिल्हा