व्हिजिट चार्ज कोणी द्यायचा आणि कशासाठी?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जून जवळ आला की पुण्यात भाड्याच्या घरांसाठी धावपळ सुरू होते आणि तिच्याबरोबर मध्यस्थांच्या ‘व्हिजिट चार्ज’च्या तक्रारीही कानावर येऊ लागतात. घर पसंत पडो वा न पडो, ते दाखवण्यापूर्वीच पाचशे-हजार रुपये मोबाइलवरून पाठवायचे, ही पद्धत आता बिनदिक्कत सांगितली जाते. एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून काही वर्षे काम केल्यामुळे दलाल, घरमालक आणि भाडेकरू या तिघांच्याही बाजू मला जवळून पाहायला मिळाल्या. मध्यस्थाने आगाऊ शुल्क अवश्य घ्यावे. परंतु तो ज्याचे काम करतो त्याच्याकडून, नेमक्या ठरलेल्या कामासाठी आणि पावती देऊन. घर शोधत आलेल्या माणसाकडून केवळ कुलूप उघडून दाखवण्याचे पैसे घेणे मला सर्वस्वी गैर वाटते.

आपल्याकडची रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी भाडेकरूकडून साधारण एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले जाते, पुष्कळदा तेवढेच मालकाकडूनही; खरेदी-विक्रीत दोन्ही बाजूंनी एक-दोन टक्के. ही रक्कम अनेकांना जड वाटते आणि ती तशी आहेही, पण तिच्यात एक शिस्त होती: व्यवहार झाला नाही तर दलालाच्या हाती काही पडत नसे, त्यामुळे व्यवहार व्हावा अशी त्याचीही इच्छा असे. आगाऊ शुल्काने नेमकी हीच गोष्ट उलटी होते. महिना पंचवीस हजार भाड्याचे घर लावून दिले तर दलाली पंचवीस हजार मिळणार. पण तेच घर पन्नास जणांना पाचशे-पाचशे रुपयांत दाखवले तर तेवढीच रक्कम घर रिकामे राहूनही जमा होते, आणि घर रिकामे असेपर्यंत जमा होतच राहते. प्रत्येक दलाल असा हिशेब करतो असे नाही, परंतु ज्याला करायचा आहे त्याला अडवणारे काहीही नाही.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत हेच घडले. एका सदनिकेच्या मालकांनी टोकन स्वीकारून घर ठरवून टाकले होते आणि तसे दलालाला कळवलेही होते. तरीही नंतरचे काही दिवस तो लोकांना घेऊन येतच होता. रखवालदाराच्या वहीत एकाच पानावर त्याच सदनिकेचा क्रमांक आणि त्याचीच सही वारंवार दिसल्यावर आम्ही मालकांना फोन केला, तेव्हा हा प्रकार उघड झाला. त्याच दिवशी मुलीच्या शिक्षणासाठी घर पाहायला परगावाहून आलेले एक गृहस्थ जिन्यात पैसे परत मागत होते. दलालाचे उत्तर मी स्वतः ऐकले : ‘काका, घर दाखवायचे पैसे होते, घर दाखवलं.’ शब्दशः पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते, आणि पावती नसल्यामुळे त्या गृहस्थांना पुढे काही करताही येण्याजोगे नव्हते.

याबाबत कायदा अगदीच मुका नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 219 नुसार, वेगळा करार नसेल तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याचा, म्हणजे एजंटचा, मोबदला देय होत नाही. म्हणजे आगाऊ पैसे घ्यायला बंदी नाही, पण त्यासाठी तसा करार हवा. व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड आणि ‘आधी पेमेंट, मग लोकेशन’ एवढा निरोप म्हणजे असा करार झाला, असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणोत.

आता दुसरी बाजू, जी वर्तमानपत्रांतून फारशी मांडली जात नाही. आमच्या संस्थेतील एका सदस्यांच्या निधनानंतर त्यांची सदनिका विकण्याचे काम कुटुंबाने एका अनुभवी मध्यस्थाकडे सोपवले. नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावे होते आणि तेवढ्यावर घर आपल्याला विकता येईल, अशी त्याची समजूत होती. वारस म्हणून धाकटा भाऊ आणि बहीण यांचाही हक्क आहे, त्यांची हक्कसोड पत्रे नोंदवल्याखेरीज खरेदीदाराची बँक कर्ज देणार नाही, हे त्या मध्यस्थाने समजावून सांगितले. त्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून जुन्या कराराच्या नोंदणीचा तपशील असलेली सूची क्रमांक दोनची प्रत काढली, शेअर सर्टिफिकेटवरील नोंदी संस्थेच्या दप्तराशी ताडून पाहिल्या, मूळ करारावर मुद्रांक शुल्क कमी भरले गेले होते तेही दाखवून दिले, आणि या सगळ्यासाठी त्याने माझ्याकडे मारलेल्या खेपा कंटाळा येण्याइतक्या होत्या. कागद जुळत आले तोच भावंडांचे बिनसले आणि विक्री बारगळली. त्या मध्यस्थाला एक पैही मिळाली नाही. वकिलाने एवढे काम केले असते तर कुटुंबाने बिनतक्रार फी मोजली असती. अशा कामासाठी मालकाकडून सुरुवातीलाच ठरावीक रक्कम घेण्यात काय चूक आहे? उलट आज या फुकट गेलेल्या कष्टांची भरपाई यशस्वी व्यवहारांतील दलालीतून होते, म्हणजे घर घेणारा माणूस घर न घेणाऱ्यांचाही खर्च भरतो.

इतर देशांनी ही रेघ फार पूर्वी ओढली. इंग्लंडमध्ये भाडेकरूची नुसती नोंद करण्यासाठी किंवा रिकाम्या घरांचे पत्ते पुरवण्यासाठी पैसे घेणे 1953 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. 2019 च्या कायद्याने तर भाडेकरूकडून घ्यायची बहुतेक शुल्केच बंद झाली. जर्मनीत भाड्याच्या घरांच्या मध्यस्थीबाबतचा 1971 चा कायदा आगाऊ रक्कम मागायला आणि स्वीकारायलाही मनाई करतो, आणि 2015 पासून तिथे ज्याने मध्यस्थ नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात. विक्रीच्या बाजूने मात्र प्रयोग झाले. ब्रिटनमधील पर्पलब्रिक्स या ऑनलाइन कंपनीने घर विकले जावो वा न जावो, विक्रेत्याने ठरावीक शुल्क द्यायचे अशी पद्धत लोकप्रिय केली; ती कंपनी 2023 मध्ये अवघ्या एका पौंडाला विकली गेली. तिच्या पडझडीला कारणे अनेक असतील, परंतु पैसे आधीच पदरात पडल्यावर घर विकण्याची निकड कितपत उरते, हा आक्षेप तिच्यावर सातत्याने घेतला गेला, हे विसरता येत नाही. म्हणूनच मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कमही अंतिम दलालीतून वजा व्हावी आणि ती एकूण मोबदल्याचा लहान हिस्सा असावी.

आपल्याकडे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थांची नोंदणी सक्तीची केली, हिशेबवह्या ठेवण्याचे आणि अनुचित प्रथा टाळण्याचे बंधन घातले, कसूर झाल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंतचा व जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंतचा दंडही ठेवला. या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2023 पासून मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट आणली, ही तर स्वागतार्हच गोष्ट. पण हा सारा बंदोबस्त नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरता आहे. भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत, जुन्या इमारतींतील पुनर्विक्री सहसा येत नाही, आणि दलाली किती व केव्हा घ्यावी याविषयी कायदा काहीच सांगत नाही. परिणामी पावणेदोन कोटींचा नवा फ्लॅट घेणाऱ्याला संरक्षण आहे आणि पहिली नोकरी लागून शहरात आलेल्या, कॉट बेसिसवर राहायला जागा शोधणाऱ्या तरुणाला ते नाही. राज्य शासनाने भाड्याच्या मध्यस्थांसाठीही साधी नोंदणी आणावी, भाडेकरूकडून करारापूर्वी कोणतीही रक्कम घेण्यास मनाई करावी आणि मालकाशी करायच्या लेखी कराराचा एक पानी मराठी नमुना प्रसिद्ध करावा. त्या नमुन्यात कामांची नावे, शुल्क, मुदत आणि परताव्याची अट एवढे असले तरी पुरे.

शासनाचे काम होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र आपल्या दैनिकाला लगेच करता येईल. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. त्याच धर्तीवर आपल्या छोट्या जाहिरातींच्या ‘भाड्याने देणे’ या सदरात मध्यस्थाकडून जाहिरात स्वीकारताना, घर दाखवण्याचे पैसे घेतले जातात की नाही आणि असल्यास किती, हे छापण्याची अट आपण घालावी. जाहिरातीची एखादी ओळ वाढेल, तिचा खर्च दलाल सोसतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे